नकोशा मेलचा कचरा आणि छोटा व्यापारी

दुकानात कोणीही शिरावे, काउंटरवर वाटेल तो कागद टाकून जावे आणि मालकाने दिवसभर ते कागद चाळत बसावे, असा कारभार एखाद्या पेढीवर दिसला तर शेजारचे दुकानदार त्या मालकाला हसतील. परंतु ई-मेलच्या बाबतीत आपल्यापैकी पुष्कळांचा कारभार आज नेमका असाच चालला आहे. सकाळी मेलची पेटी उघडावी तर तीस-चाळीस मेल येऊन पडलेले. कोणी बिनतारण कर्ज देऊ करतो, कोणी वेबसाइट गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो म्हणतो, कोणी सौर पंप विकतो, कोणी लॉटरी लागल्याची खबर देतो. या गर्दीत कामाचे मेल दोन किंवा तीन. ते शोधता शोधता माणूस कंटाळतो आणि मग आठवडा-आठवडा पेटी उघडायचेच सोडून देतो. व्यापारी बांधवांना हा विषय किरकोळ वाटतो. आमच्या मते तो किरकोळ नाही, आणि का नाही ते सविस्तर सांगण्यासाठी हा लेख आहे.

कचरा मेलमुळे वेळ जातो हे खरे. पण वेळेचे नुकसान हे त्यातले सर्वात लहान नुकसान आहे. मोठे नुकसान दोन ठिकाणी होते. कचऱ्याच्या ढिगात खरा मेल हरवतो, हे एक. आणि खोटा मेल खऱ्याचा पेहराव करून रांगेत येऊन बसतो, हे दुसरे. पहिल्यात ऑर्डर जाते, दुसऱ्यात रक्कम जाते. पेटी स्वच्छ ठेवायची ती या दोन गोष्टींसाठी. पेटी नीटनेटकी दिसावी ही हौस दुय्यम आहे.

यावर अनेकांचे उत्तर ठरलेले असते. "आमचा सगळा धंदा व्हॉट्सअॅपवर चालतो, मेल कोण बघतो?" मालाचे फोटो, भाव, घासाघीस हे व्हॉट्सअॅपवर चालते, यात शंका नाही. परंतु जीएसटीची सूचना मेलवर येते. बँकेचा खातेउतारा मेलवर येतो. परदेशी खरेदीदार विचारणा करतो, नमुना मागतो, करारनामा पाठवतो तो मेलवर. संकेतशब्द विसरला तर तो बदलण्याचा दुवा मेलवरच येतो. म्हणजे रोजचा संवाद फोनवर गेला असला तरी दस्तऐवज आणि किल्ल्या अजून मेलच्या पेटीतच आहेत. ज्या पेटीत किल्ल्या आहेत तीच आपण उकिरड्यासारखी उघडी टाकली आहे.

हा उपद्रव आला कुठून ते थोडक्यात पाहू. १९७८ च्या ३ मे रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने त्या काळच्या अर्पानेट या संगणक जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात पाठवली. पुष्कळ लोक चिडले, तक्रारी झाल्या. परंतु त्यातून आपली विक्री झाली, असे थुर्क पुढे सांगत राहिला. सारे मर्म यात आहे. चारशे पत्रे टपालाने पाठवायची तर पाकिटे, तिकिटे, मजुरी असा खर्च येतो. चारशे किंवा चार लाख मेल पाठवायला जवळपास काहीच लागत नाही. लाखात एकाने जरी पैसे दिले तरी पाठवणाऱ्याचा धंदा फायद्यात. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, आणि इंटरनेटबरोबर हा रोगही आला. २००४ साली बिल गेट्स यांनी दावोस येथे दोन वर्षांत या कचऱ्याचा निकाल लागेल असे भाकीत केले होते. त्यानंतर दोन दशके उलटली, आणि सुरक्षा कंपन्यांच्या मोजणीप्रमाणे जगातील मेलपैकी निम्म्याच्या आसपास मेल आजही कचराच असतात. या कचऱ्याला स्पॅम म्हणतात, ते मुळात अमेरिकेतील डबाबंद डुकराच्या मांसाचे नाव. १९७० च्या एका ब्रिटिश विनोदी प्रहसनात खाणावळीतील जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच घातलेले असते, त्यावरून ते मेलला चिकटले. आपल्या वाचकांना तो डबा घरात न ठेवण्यास निराळे कारण सांगायची गरज नाही. असो.

मग चाळणीचे काय? जीमेल, आउटलुक यांसारख्या सेवा कचरा आधीच चाळून स्पॅमच्या कप्प्यात टाकतात. ही चाळणी नसती तर पेटी उघडणेच अशक्य झाले असते. ती कशी काम करते हे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे, कारण ती चुकते कुठे ते त्यावरून कळते. पाठवणारा ओळखीचा आहे काय, तो जेथून पाठवतो त्या यंत्राची पत कशी आहे, मजकूर पूर्वी कचरा ठरलेल्या मेलसारखा दिसतो काय, दुसऱ्या लोकांनी असा मेल कचऱ्यात टाकला होता काय, अशा अनेक खुणा ती पाहते. ओळखीच्या माणसाच्या बाबतीत ती सहसा चुकत नाही. चुकते ती नव्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत.

उदाहरण घेऊ. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, जर्मनीतील एखाद्या वादकाने तेथील एका कारागिराला दोन ओळींचा मेल लिहिला की, मला एक तानपुरा हवा आहे, किंमत आणि पाठवणावळ कळवा. हा माणूस अनोळखी, मजकूर तोकडा, विषयाच्या जागी नुसते "विचारणा", देश परका. चाळणीच्या नजरेत या सर्व संशयाच्या खुणा आहेत. मेल स्पॅमच्या कप्प्यात जाण्याचा संभव मोठा. जीमेलमध्ये त्या कप्प्यातील मेल तीस दिवसांनी आपोआप नष्ट होतो. कारागिराला पत्ताही लागत नाही, आणि तिकडचा माणूस उत्तर आले नाही म्हणून दुसऱ्याकडे जातो. या नुकसानीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. म्हणूनच ती आपल्याला जाणवत नाही.

म्हणून पहिली शिफारस उलट वाटेल अशी आहे. कचरा कमी करायचा असेल तर कचऱ्याचा कप्पा रोज उघडा. दिवसातून एक वेळ ठरवून घ्या, जोहरच्या आधी म्हणा किंवा दुकान बंद करताना, आणि पाच मिनिटे फक्त पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय यांवरून नजर फिरवा. आतले काही उघडू नका, कोणत्याही दुव्यावर बोट ठेवू नका. खरा मेल दिसला तर "हा कचरा नाही" असे चाळणीला सांगा आणि त्या गिऱ्हाइकाचा पत्ता संपर्कयादीत घाला. नेहमीच्या पुरवठादारांचे, सीएचे, बँकेचे पत्ते असेच एकदा यादीत घातले, आणि त्यांचे मेल स्पॅममध्ये कधीही टाकू नयेत असा नियम जीमेलच्या फिल्टरमध्ये करून ठेवला, तर पुढची चिंता मिटते. याउलट पेटीत कचरा दिसला तर तो नुसता खोडू नका, स्पॅम म्हणून कळवा. चाळणी त्यातून शिकते. नुसते खोडल्याने ती काही शिकत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. काही जण रागाच्या भरात आपल्याच बँकेच्या जाहिरातीवर किंवा पुरवठादाराच्या दरपत्रकावर स्पॅमचा शिक्का मारतात. मग महिन्याभराने त्याच पुरवठादाराचे बिल कचऱ्यात जाते आणि दोष त्याला दिला जातो. ज्याच्याशी आपला खरा व्यवहार आहे त्याची जाहिरात नको असेल तर मेलच्या तळाशी असलेला यादीतून नाव काढण्याचा दुवा वापरावा. प्रतिष्ठित कंपन्या तो पाळतात. मात्र ज्याचे नावही कधी ऐकले नाही अशाच्या मेलमधला तोच दुवा दाबू नये. त्याने पलीकडच्या माणसाला एवढेच कळते की, ही पेटी जिवंत आहे आणि कोणीतरी ती वाचतो. उत्तर देऊन शिव्या घातल्या तरी परिणाम तोच. मेलमधील चित्रे आपोआप उघडू देऊ नयेत हेही त्याच कारणासाठी. चित्र उघडताच पाठवणाऱ्याला खबर पोहोचण्याची सोय त्यात केलेली असते. आधी विचारून मगच चित्र दाखवावे अशी सोय जीमेलच्या सेटिंगमध्ये आहे.

आता पत्ता बाहेर जातो कसा, याचा विचार करू. दोष सगळा पाठवणाऱ्यांचाच नाही. आपला पत्ता आपण हातपत्रकासारखा वाटत असतो. मोबाइलचे दुकान म्हणते, बिल मेलवर पाठवतो, पत्ता द्या, आपण देतो. प्रदर्शनाच्या दारात काचेच्या भांड्यात व्हिजिटिंग कार्ड टाकले की भेटवस्तू मिळेल म्हणतात; आपण टाकतो. मोफत दरपत्रक, मोफत कॅलेंडर, मोफत वायफाय, सगळीकडे तोच पत्ता. वेबसाइटवर तर तो ठळक अक्षरात असतो, आणि अशी पाने चाळून पत्ते वेचणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. मग ज्या पत्त्यावर बँकेचा ओटीपी येतो त्याच पत्त्यावर लॉटरीवालाही येतो.

यावर उपाय सोपा आणि फुकट आहे. पत्ते वेगळे करा. एक पत्ता जगासाठी: पाटीवर, कार्डावर, वेबसाइटवर, प्रदर्शनात. दुसरा पत्ता बँक, जीएसटी, आयकर आणि सीए यांच्यासाठी. तो कार्डावर छापायचा नाही, गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. ज्या घरात पुढचे दार आणि तिजोरीची खोली वेगळी असते त्याच घरात चोराला कष्ट पडतात. जीमेल वापरणाऱ्यांना आणखी एक युक्ती उपलब्ध आहे. आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल आपल्याच पेटीत येतो. एखाद्या प्रदर्शनात पत्ता देताना नावापुढे त्या प्रदर्शनाचे नाव जोडून दिले, तर पुढे त्या जोडपत्त्यावर कचरा येऊ लागताच पत्ता कोठून फुटला ते कळते, आणि तेवढा जोडपत्ता फिल्टर लावून बंद करता येतो. अर्थात काही संकेतस्थळे असे चिन्ह स्वीकारत नाहीत.

प्रदर्शनांविषयी निर्यात करणाऱ्या बांधवांना थोडे अधिक सांगितले पाहिजे. फ्रँकफर्टच्या कापडाच्या मेळ्यासारख्या मोठ्या मेळ्यात स्टॉल घेतला की, त्याच्या आगेमागे तीन तऱ्हांचे मेल येतात. पहिला म्हणतो, मेळ्याला येणाऱ्या सर्व खरेदीदारांची यादी अमुक डॉलरमध्ये विकत घ्या. दुसरा म्हणतो, आम्ही मेळ्याचे अधिकृत हॉटेल-दलाल, आगाऊ पैसे भरून खोली राखून ठेवा. तिसरा सर्वात चतुर. तो एक अर्ज पाठवतो: आमच्या निर्देशिकेत तुमचे नाव, पत्ता बरोबर आहे का ते तपासा आणि सही करून पाठवा, दुरुस्ती मोफत. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले असते की, सही करणारा तीन वर्षांसाठी दरसाल हजाराच्या आसपास युरो देण्यास बांधला गेला. मग वसुलीची पत्रे सुरू होतात. चीनमधून येणाऱ्या एका मेलचेही असेच. तुमच्या फर्मचे नाव तिकडे कोणीतरी डोमेन म्हणून नोंदवू पाहत आहे, आक्षेप असेल तर ताबडतोब तुम्हीच नोंदवा, असे तो सांगतो. नोंदवणारा तिसरा कोणी बहुधा नसतोच. घाबरवून नोंदणी विकणे हाच धंदा आहे. या सर्वांना उत्तर न देणे हेच उत्तर.

आपल्या समाजाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले मेलही असतात. सलामाने सुरुवात होते. दूरदेशीची एक आजारी विधवा, तिच्या मरहूम शोहरची मोठी रक्कम बँकेत अडकलेली, ती यतीमखान्यासाठी खर्च व्हावी म्हणून तिला एक दीनदार माणूस हवा आहे, आणि तो माणूस म्हणजे आपण. पुढे वकिलाची फी, बँकेचे शुल्क, प्रमाणपत्राचा खर्च अशी मागणी वाढत जाते. नायजेरियाच्या दंडविधानातील कलमावरून या प्रकाराला "चारशे एकोणीस" असे जगभर म्हटले जाते. रमजानमध्ये जकातीसाठी अनोळखी संस्थेचे आवाहन आणि हजच्या मोसमात निम्म्या दरातील पॅकेज मेलवर आले तरी हीच कसोटी लावावी. जकात देण्यासाठी आपल्या मोहल्ल्यात ओळखीचे हकदार कमी आहेत काय?

यापेक्षा अधिक काळजीची बाब निराळी आहे, आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. पेढीच्या मेलचा मालक कोण? वाचकांनी आपापल्या मनाशी याचे उत्तर द्यावे. पुष्कळ ठिकाणी असे दिसते की पत्ता सायबर कॅफेवाल्याने किंवा भाच्याने काही वर्षांपूर्वी उघडून दिला. संकेतशब्द त्याला ठाऊक. विसरल्यास तो परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबरही त्याचाच. जीएसटीच्या नोंदणीत मेल आणि मोबाइल दोन्ही कर सल्लागाराचे. मालकाला फक्त छापील चलन माहीत. सल्लागाराकडे अशा शंभर फर्मचे मेल एकाच पेटीत येतात, तेथे कचऱ्याचा ढीग शंभर पट, आणि आपल्या नावची नोटीस त्यात केव्हा आली आणि मुदत केव्हा संपली हे मालकाला दंडाची रक्कम पाहिल्यावर कळते. सल्लागार बदलला तर प्रश्न आणखी बिकट. सल्लागार प्रामाणिक असेल, भाचा गुणी असेल. तरीही तिजोरीची किल्ली मालकाच्या कमरेला असावी. जीएसटी पोर्टलवर मेल आणि मोबाइल बदलता येतो. जुना नंबर हाताशी नसेल तर आपल्या क्षेत्रातील कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रांसह अर्ज करून तो बदलून घेण्याची सोय आहे. हे काम कंटाळवाणे आहे, एक-दोन खेपा पडतात, पण ते उरकून घ्यावे. त्याचबरोबर मेलला दुहेरी पडताळणी लावावी, म्हणजे संकेतशब्द कोणाला कळला तरी मोबाइलवरच्या परवानगीशिवाय पेटी उघडणार नाही.

सरकारी नावाने येणाऱ्या मेलची कसोटीही यातूनच निघते. जीएसटीची नोटीस आली असे मेल म्हणत असेल तर मेलमधील दुवा दाबू नका. स्वतः पोर्टलचा पत्ता टाइप करून आत शिरा. नोटीस खरी असेल तर ती तेथे दिसेल. उद्यम नोंदणीसाठी शुल्क मागणारा मेल आला तर तो तेथेच संपला असे समजा, कारण ही नोंदणी २०२० साली सुरू झाली तेव्हापासून सरकारी पोर्टलवर मोफत आहे.

आता पैशाकडे वळू. व्यापाऱ्याला बुडवणारा मेल लॉटरीचा नसतो. तो ओळखीच्या माणसाचा असतो, किंवा तसा दिसतो. चोर आधी दोघांपैकी एकाच्या पेटीत चोरपावलांनी शिरतो. तो काही चोरत नाही, नुसता वाचत राहतो. माल कोणता, रक्कम किती, बिल कधी द्यायचे ठरले, पत्रात एकमेकांना कसे संबोधतात, हे सर्व तो टिपतो. पुष्कळदा तो पेटीत असा नियम लावून ठेवतो की अमुक पार्टीचे मेल परस्पर त्याच्याकडे जावेत. नेमक्या दिवशी त्याच पत्रव्यवहारात पुढचा मेल येतो: आमच्या नेहमीच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, या खेपेस रक्कम सोबतच्या खात्यात जमा करावी. बिल तेच, शिक्का तोच, बदललेला फक्त खाते क्रमांक. कधी पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते. इंग्रजी "एम"च्या जागी "आर" आणि "एन" ही दोन अक्षरे जोडून लिहिली की घाईत फरक कळत नाही.

या प्रकारात फक्त अडाणीच फसतात असे कोणी समजू नये. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कास नावाच्या इसमाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या एका खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाने खोटी बिले मेलवर पाठवून गूगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांकडून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम आपल्या खात्यांत वळवली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ज्या कंपन्या जगाचे मेल चाळतात त्यांच्याच हिशेबनिसांनी खोटी बिले फेडली. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा व्यापारी मेलच्या फसवणुकीत सुमारे २९० कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी आल्या.

तेथे बडी यंत्रणा होती आणि ती चुकली. आपल्याकडे यंत्रणा नाही, परंतु एक गोष्ट आहे: आपण समोरच्या माणसाचा आवाज ओळखतो. भिवंडीचा लूमवाला आणि सुरतेचा सूतव्यापारी वर्षानुवर्षे फोनवर बोलत असतात. या ओळखीचा उपयोग करा. खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की पैसे थांबवा आणि फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर. कितीही घाई असली, कितीही जुना संबंध असला तरी हा नियम मोडायचा नाही, आणि आपल्या मुनिमाला व मुलाला तो लेखी देऊन ठेवायचा. फोन केल्याने कोणाचा अपमान होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायची होती; ती वापरा, नाव जुळले नाही तर रक्कम सोडू नका. एवढे करूनही घात झालाच तर लाजेने गप्प बसू नये. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची आशा असते, दोन दिवस घरातल्या घरात चर्चा करीत बसल्यास ती मावळते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, असे आमचे मत आहे. अमेरिकेत २००३ पासून व्यापारी मेलसाठी स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ६६अ या कलमात त्रास देणाऱ्या आणि पाठवणाऱ्याची ओळख लपवणाऱ्या मेलचा उल्लेख होता. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्ण कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. निकाल योग्यच होता, परंतु त्याबरोबर मेलसंबंधीची ती ओळही गेली. ट्रायचे २०१८ चे नियम कॉल आणि एसएमएसपुरते आहेत, मेल त्यात येत नाही. तोतयेगिरी करून ठकवणाऱ्यास ६६ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, मात्र त्यासाठी तो आधी सापडला पाहिजे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. दुसऱ्याचा पत्ता त्याच्या संमतीवाचून वापरू नये, हे तत्त्व त्यात आहे. आणि हे तत्त्व आपल्यालाही लागू पडते.

कारण आपणही कचरा पाठवतो. "पाच लाख व्यापाऱ्यांचे मेल पत्ते" एकेकाळी सीडीवर विकत, आता व्हॉट्सअॅपवरून विकतात. ईदच्या आधी सेलची जाहिरात करायची म्हणून आपल्यातलेही लोक अशी यादी घेतात. ती घेऊ नये. त्यातील निम्मे पत्ते मेलेले असतात, उरलेले वैतागलेले. ज्यांनी आपले दुकान कधी पाहिले नाही ते आपल्या मेलवर स्पॅमचा शिक्का मारतात, आणि तसे शिक्के वाढले की चाळणी आपल्या पत्त्याचीच पत कमी करते. मग आपल्या खऱ्या गिऱ्हाइकाला पाठवलेले बिलही कचऱ्यात जाते.

स्वतःचे डोमेन घेतलेल्यांनी एक तांत्रिक काम करून घ्यावे. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी डोमेनला लावायच्या असतात. पहिली नोंद सांगते की आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे. दुसरी प्रत्येक मेलवर मोहोर उठवते. तिसरी सांगते की यांत न बसणारा मेल आमच्या नावाने आला तर त्याचे काय करावे. मेलवर पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचेही नाव लिहिता येते, पाकिटावर लिहावे तसे. या नोंदींमुळे आपल्या नावाचा गैरवापर अवघड होतो. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या, आणि बाकीच्यांनाही निदान पहिल्या दोनपैकी एक हवीच. डोमेन ज्याच्याकडून घेतले त्याला फोन करून "या तीन नोंदी लावून द्या" म्हटले की जाणकाराला हे काम अर्ध्या तासाचे आहे. नुसते जीमेल वापरणाऱ्याला यातले काही करावे लागत नाही.

गिऱ्हाइकाला मेल पाठवायचाच असेल तर बिल करताना त्याला विचारा: नवीन माल आला की कळवू का? हो म्हणाला तर नाव वहीत लिहा. वर्षातून चार-पाच वेळा, खरोखर काही सांगायचे असेल तेव्हाच पाठवा, आणि तळाशी "नको असल्यास कळवा" अशी एक ओळ घाला. कोणी नको म्हटले तर त्याचे नाव त्याच दिवशी काढून टाका. अमेरिकेच्या कायद्यात यासाठी दहा कामाचे दिवस दिले आहेत, पण ते हजारो नावांच्या याद्या बाळगणाऱ्या कंपन्यांसाठी. आपली यादी दोनशे नावांची, तिला एक संध्याकाळ पुरते.